मोबाइल कुणी धरायचा?

दिवाळीच्या सुटीत नणंदेची मुलगी चार दिवस आमच्याकडे बार्शीला राहून गेली. समाजकार्यात एम.ए. करून ती आता मुंबईला पीएच.डी. करते आहे. विषय आहे ‘दूरवैद्यक आणि वृद्धांची देखभाल’. विषयाचं नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘‘दूरवैद्यक म्हणजे काय गं? डोळ्यांआडचा वैद्य?’’ भाचीने समजावून सांगितलं, की डॉक्टर एका गावाला, पेशंट दुसऱ्या गावाला आणि मध्ये मोबाइल. ‘‘मग तसं सांग की. आपल्याकडे चालतंच ते,’’ असं म्हणून सासूबाई पुन्हा वाती वळायला लागल्या.

चालतं खरं. दर तीन महिन्यांनी पुण्याचे डॉक्टर आमच्या घरात मोबाइलवर येतात. तेव्हा भाचीने ठरवलं, की लोकांना विचारायच्या आधी मामीलाच विचारून बघू. मी सोऱ्या फिरवत होते आणि ती समोर पाटावर वही घेऊन बसली होती.

‘‘मामी, आजीचा कॉल कोण लावतं?’’

‘‘मी.’’

‘‘त्याआधी ब्लडप्रेशर कोण मोजतं?’’

‘‘मीच.’’

‘‘गोळ्या?’’

‘‘आणतात तुझे मामा. वारांप्रमाणे डबीत भरते मी.’’

‘‘आणि डॉक्टरांशी बोलतं कोण?’’

इथे माझा हात थांबला. कारण गेल्या वर्षापर्यंत डॉक्टरांशी बोलत होते माझे धाकटे दीर, तेही पुण्याहून. जिचं प्रेशर, जिच्या गोळ्या आणि जिचा जीव, ती बाई नुसती बसलेली असायची. भाचीने तिला हवं ते लिहून घेतलं आणि ती मुंबईला गेली. पण तिच्या प्रश्नांनी माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे, अशा बहुतेक मैत्रिणींच्या घरी हा मोबाइलवरचा डॉक्टर आलेला आहे, नाहीतर येणार आहे. म्हणून हे सगळं सांगते.

तसं हे काही अगदी आजचं नाही. १९०५ साली हॉलंडमध्ये आइंटहोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने रुग्णालयातल्या रोग्यांच्या हृदयाचे आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतले होते. आपल्याकडे २००० साली आंध्रातल्या अरगोंडा या खेड्यातलं रुग्णालय चेन्नईच्या डॉक्टरांशी जोडलं गेलं, आणि पुढे ‘इस्रो’ने उपग्रहावरून अशा कामाला हात दिला. पण ते सगळं दवाखान्यांचं आपापसातलं. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलं कोरोनात. २०२० चा गुढीपाडवा आठवतो ना? २५ मार्च. टाळेबंदी लागलेली, गाठी मिळाल्या नव्हत्या, कडुनिंब आणायलाही कुणी बाहेर पडलं नव्हतं. त्याच दिवशी दूरवैद्यकाची सरकारी नियमावली निघाली. फोनवरून तपासायचं कसं, कुठलं औषध लिहून द्यायचं आणि कुठलं नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्टपणे कागदावर आलं. मग १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ ही सरकारी ओपीडी घरबसल्या सुरू झाली. तिला एक पैसाही पडत नाही. मोबाइल नंबर नोंदवायचा, टोकन घ्यायचं, रांगेत थांबायचं आणि डॉक्टर दिसले की बोलायचं. औषधाची चिठ्ठीही त्यावरच येते.

आमचं मात्र खासगी डॉक्टरांचं. सासूबाईंना प्रेशर आणि थोडा हृदयाचा त्रास आहे, वय शहात्तर. आधी दर तीन महिन्यांनी आम्ही त्यांना पुण्याला नेत होतो. बार्शी ते पुणे दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे चारला उठून दशम्या आणि शेंगांची चटणी बांधायची, लिंबू, पिशव्या, पाण्याची बाटली घ्यायची, कारण टेंभुर्णीपर्यंत त्यांना एकदा तरी उलटी ठरलेलीच. तिथे दोन-अडीच तास बाकड्यावर बसायचं आणि डॉक्टरांपुढे सहा-सात मिनिटं. घरी येईपर्यंत रात्र. दुसरे दोन दिवस त्या अंथरुणावरच. त्यामुळे डॉक्टरांनी ‘मोबाइलवर दाखवा, वर्षातून एकदाच प्रत्यक्ष या’ असं सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात भगवंताला पाच नारळ बोलले होते. तेव्हा मी मोबाइलला नावं ठेवायला बसलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण कॉलच्या दिवशी आमच्या घरी काय व्हायचं ते ऐका. सासूबाई सकाळीच न्हाऊन धुतलेलं इरकली नेसायच्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायच्या आणि फोटो काढायला बसावं तशा खुर्चीत बसायच्या. मी मोबाइल धरलेला. पडद्यावर तीन चौकोन. एकात डॉक्टर, एकात भाऊजी आणि एकात आम्ही, त्यातही सासूबाईंचा अर्धा चेहरा आणि माझा अंगठा. डॉक्टर विचारायचे, ‘‘आजी, झोप लागते का?’’ की लगेच भाऊजी, ‘‘हो डॉक्टर, झोप व्यवस्थित आहे.’’ ‘‘चक्कर वगैरे?’’ ‘‘नाही नाही, तसं काही नाही.’’ भाऊजी काही वाईट नाहीत. आईची काळजी त्यांनाच सगळ्यांत जास्त, फीसुद्धा तेच भरतात. पण आईला ते बघतात दोन महिन्यांतून एकदा. शेवटी डॉक्टर म्हणायचे, ‘‘आजी, तुम्हाला काही सांगायचंय?’’ सासूबाई हात जोडायच्या, ‘‘सगळं छान आहे. तुमचे उपकार आहेत.’’ झालं. कॉल संपला.

गेल्या वर्षी श्रावणात अशाच एका कॉलनंतर रात्री त्या मोरीच्या दारात भिंत धरून उभ्या दिसल्या. मी धावत गेले. म्हणाल्या, ‘‘काही नाही गं, अंधारी आली. येते अधूनमधून रात्री उठले की.’’

‘‘अहो आई, मग सकाळी डॉक्टरांना का नाही सांगितलंत?’’

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. कधी कधी मोरीपर्यंत पोचतही नाही मी. पोरासमोर आणि त्या परक्या माणसासमोर हे काय सांगायचं?’’

आणि त्यावर त्यांचा उपाय त्यांनीच शोधून काढला होता. दुपारचा चार वाजताचा चहा झाला, की पाणी बंद. आठ-नऊ महिने त्या असं करत होत्या. आपल्या घरातली म्हातारी माणसं, त्यातही बायका, असले उपाय किती गुपचूप करतात! लुगडी स्वतःच पिळून टाकतात, सुनेच्या आधी उठतात, प्रवासाला नको म्हणतात. आणि आपण समजतो, की आता ह्यांना हौस राहिली नाही.

पुढचा कॉल मी आठ दिवसांत ठरवून घेतला. दवाखान्यातल्या मुलीला फोन करून सांगितलं, की पहिली दहा मिनिटं पेशंट एकटी बोलेल, मुलगा नंतर येईल, आणि जमलं तर डॉक्टरबाई असू देत. त्यांच्याकडे मदतीला एक तरुण डॉक्टरबाई आहेत. त्यांनी आनंदाने होकार दिला. मग भाऊजींना सांगणं आलं. त्यांना थोडं लागलंच. ‘‘वहिनी, मला वगळताय?’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, तुमच्यासमोर त्या बोलत नाहीत. लहानपणी तुमच्या तापाचं त्या तुमच्या वडिलांना सांगायच्या. पण स्वतःचं कधी सांगितलं होतं का, आठवून बघा.’’ ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘बरं. मी दहा मिनिटांनी येतो.’’ ह्यांनी यात कुठलीच बाजू घेतली नाही, त्या दिवशी बँकेचं काम काढलं!

तुरीच्या डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला आणि मी उठायला लागले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. ‘‘तू थांब.’’ मग मी त्यांच्या मागे मोड्यावर बसले, पडद्यावर दिसणार नाही अशी. दार लोटून घेतलं. डॉक्टरबाई आधी बार्शीच्या हुरड्याबद्दल बोलल्या, मग हळूहळू मुद्द्यावर आल्या. आणि सासूबाई बोलल्या हो! पाण्याचं, लुगड्याचं, अंधारीचं, सगळं.

डॉक्टरबाईंनी मला समोर बोलावलं आणि प्रेशर दोनदा घ्यायला सांगितलं. एकदा बसून, एकदा उभं राहून एक मिनिट झाल्यावर. बसून १३६/८०. अगदी चांगलं. उभं राहिल्यावर ११०/६८. हा फरक कुठल्याही कॉलमध्ये आला नव्हता, कारण आपण प्रेशर नेहमी बसूनच मोजतो. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीस किंवा त्याहून जास्त खाली येत असेल, तर ते चक्करेचं आणि पडण्याचं कारण होऊ शकतं. त्यात पाणी कमी, आणि प्रेशरच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी. मग अंधारी नाही येणार तर काय होणार? त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून गोळी बदलली, लघवी तपासायला सांगितली, पाणी दिवसभर नीट प्यायचं आणि दिवेलागणीनंतर थोडं कमी करायचं असं ठरवून दिलं. रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. (यातली गोळीची गोष्ट कुणी माझं वाचून परस्पर करू नका. कुणाची कुठली गोळी कमी करायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं.) तीन आठवड्यांत अंधारी थांबली. रात्रीचं उठणं दोनदावर आलं. माजघरात आता रात्रभर छोटा दिवा असतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. लघवीच्या तपासणीचा कागद मोबाइलवर आला तो कुणीतरी, काळजीनेच, आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला. सत्तावीस माणसं आहेत त्या गटात, नव्या व्याह्यांसकट. त्यावर कुणी नमस्काराचे हात टाकले, कुणी ‘आजी लवकर बऱ्या व्हा’ म्हणून फुलं. सासूबाईंना वाचता येतं. चार दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

भाचीने नंतर मला ती २०२० ची नियमावली समजावून सांगितली. त्यात ‘देखभाल करणारी व्यक्ती’ असा शब्द आहे. पेशंट स्वतः फोन करत असेल तर त्यातच तिची संमती आली. लहान मूल असेल किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने माणूस स्वतःचं सांगू शकत नसेल, तर देखभाल करणारी व्यक्ती त्याच्या वतीने बोलू शकते. एरवी पेशंट हजर नसताना बोलायचं, तर त्याची परवानगी हवी, नाहीतर नात्याचा पुरावा तरी हवा. ऐकताना मला वाटलं, आमच्या सासूबाई तर शुद्धीवर, चांगल्या समोर बसलेल्या असत आणि तरी त्यांच्या वतीने सगळं बोलून होत असे. हे कुठल्या नियमात बसवायचं? आणि दुसरं असं, की कागदावर तो शब्द मोठा दिमाखाचा वाटतो, पण ‘देखभाल करणारी व्यक्ती’ म्हणजे नऊ घरांत घरातलीच बाई. सून, मुलगी, बायको.

मला ही मोबाइलची कामं शिकवली कुणीच नाहीत. चार चुलींवरच्या बायकांकडून ऐकून, डॉक्टरबाईंना विचारून शिकले. प्रेशरचंच घ्या. चहा पिऊन किंवा जिना चढून लगेच मोजायचं नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा. मग पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला. दंड हृदयाच्या पातळीला, खाली उशी ठेवायची. जुन्या बायकांच्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत असतात, त्यावरूनच पट्टा गुंडाळला तर आकडा बरोबर येत नाही. मोजताना बोलायचं नाही, आणि हे सासूबाईंना सगळ्यांत कठीण जातं. एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. उजेड तोंडावर हवा. खिडकी पाठीमागे असली, की डॉक्टरांना नुसती काळी सावली दिसते. ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, त्यात कसली लाज? रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटं टाकू नयेत, पुढच्या कॉलला नावं त्यावरूनच वाचायची असतात. आणि माणसाने डॉक्टरांना काय सांगायचं हे आदल्या रात्री शांतपणे त्याच्याकडूनच काढून घ्यावं. मी आमच्या शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची एक वही शिवली आहे, तिच्यात हे सगळं असतं.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो, तो बघावा. ‘डॉक्टर बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणून पैसे मागणारे फोन म्हाताऱ्या माणसांना येतात, ते सरळ खाली ठेवावेत. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर मोबाइल पुढ्यात घेऊन बसू नये. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि फुकट आहे.

भाचीने जाता जाता मला एक हिशेब मांडायला लावला. एका कॉलपायी माझा किती वेळ जातो? डॉक्टर बोलतात बारा मिनिटं. पण आठवडाभर रोज प्रेशर लिहून ठेवणं, वेळ ठरवण्याचे फोन, रेंज मिळेना म्हणून गच्चीवर जाणं, चिठ्ठी उतरवून घेणं, औषधवाल्याने दुसरंच नाव दिलं तर परत फोन, गोळ्या भरणं. धरून चाला पाच तास. शिवाय त्या दिवशीचा माझा शाळेतला तास बुडतो तो वेगळा. पुण्याला जाण्यापेक्षा हे कमीच, कबूल. पण पुण्याला जायचो तेव्हा हेही रजा काढत, गाडी चालवत. आता ते ऑफिसला जातात. वाचलेला दिवस त्यांचा वाचला, उरलेले पाच तास माझे झाले. सरकारनेच २०१९ साली देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. ह्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, ‘‘सत्त्याण्णव? जास्तच लिहिलंय.’’ प्रामाणिक आहेत बिचारे. त्यानंतर औषधवाल्याशी बोलायचं खातं मात्र त्यांच्याकडे गेलं, ते अजून टिकून आहे.

ज्यांच्याकडे हात नाहीत पण पैसे आहेत, त्यांच्यासाठी आता सेवा निघाल्या आहेत. शहरात ब्यूरोच्या बायका मिळतात, बारा तासांच्या, चोवीस तासांच्या. परदेशातल्या मुलांकडून महिन्याचे पैसे घेऊन इथल्या आईवडिलांकडे माणूस पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. माझ्या मैत्रिणीच्या शेजारी असा एक मुलगा यायचा. आठवड्याला येणार, फोटो काढणार, ‘आजी हसा’ म्हणणार आणि फोटो अमेरिकेला पाठवणार. सगळेच असे नसतील. ज्या बाया रात्र रात्र जागून परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करतात त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. पण हसरा फोटो म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे, एवढं तिथल्या मुलांनीही समजून घ्यावं.

जपानची एक गंमत भाचीने सांगितली. तिथे २००१ साली एका थर्मास-किटल्यांच्या कंपनीने म्हाताऱ्यांसाठी पाण्याची विजेची किटली काढली. आईने चहासाठी पाणी घेतलं, की त्याची नोंद होते आणि दूर राहणाऱ्या मुलाला कळवली जाते. पाणी घेतलं म्हणजे आई उठली, चालतीफिरती आहे. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, ‘‘आणि एखाद्या दिवशी चहा नको वाटला तर? मुलगा रडत बसायचा!’’ नंतर त्याच म्हणाल्या, की आपल्या वाड्यात असंच होतं. समोरच्या काकूंच्या दारात सातपर्यंत सडा पडला नाही, की कुणीतरी कडी वाजवायचंच.

माझी आई अशीच एकटी असते. परंडा तालुक्यात, आमच्या गावी. वडील गेल्यावर मी तिला किती वेळा इकडे बोलावलं. पण शेळ्या, चिंचेचं झाड आणि वडिलांचा फोटो सोडून ती यायला तयार नाही. अडुसष्ट वर्षांची आहे, साखरेचा आजार आहे. तिच्याकडे स्मार्टफोन नाही आणि असला तरी ती तो भाकरीच्या टोपल्यात ठेवेल. तरी दूरवैद्यकाचा उपयोग आमच्या घरापेक्षा तिला चांगला झाला, आणि याचं मला आश्चर्य वाटतं.

तिच्या गावापासून दीड किलोमीटरवर आरोग्य उपकेंद्र आहे. आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक तरुण मुलगी होती. गावात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. आई महिन्यातून एकदा जायची. ती मुलगी आधी साखर बघायची, प्रेशर घ्यायची, वजन करायची, वहीत लिहायची आणि मग ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांना जोडून द्यायची. नुसतं जोडून नाही, शेजारी स्टूल घेऊन बसायची. डॉक्टर बोलले ते आईला आमच्या बोलीत सांगायची आणि आईचं डॉक्टरांना. रेंज गेली, की पुन्हा लावायची. या ई-संजीवनीवर फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा कोटी वेळा लोकांनी सल्ला घेतला, त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. पण शंभरात ज्येष्ठ मंडळी बाराच्या आसपास. माझ्या मते हे बारासुद्धा अशा स्टूल घेऊन बसणाऱ्या मुलींमुळेच असणार.

एकदा आई तिथे बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘पायाला काही जखम?’’ आई म्हणाली, ‘‘न्हाई.’’ त्या मुलीने आईला चप्पल काढायला लावली, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तळवा बघितला. टाचेच्या वर, मोठ्या भेगेत, बाभळीचा काटा मोडून आत पिकलेला. आईला त्याची जाणीवच नव्हती. साखरेने पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखतच नाही. मुलीने मोबाइल तळव्यासमोर धरला, डॉक्टरांनी बघितलं आणि त्याच दिवशी परंड्याला जाऊन काटा काढून ड्रेसिंग करायला सांगितलं. तिने गावातल्या आशाताईला बरोबर दिलं. दीड महिना लागला, पण पाय वाचला. मला कळलं ते सगळं झाल्यावर. आई फोनवर म्हणाली, ‘‘तुला कशाला सांगू, तुझ्याकडं एक म्हातारी हायच की.’’

हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून स्वतःचे तळवे आरशात बघायला सुरुवात केली. त्यांना साखर नाही, पण म्हणाल्या, बघून ठेवायला काय जातंय.

भाचीच्या प्रबंधात गावचं उपकेंद्र एका प्रकरणात आहे आणि शहरातलं घर दुसऱ्या प्रकरणात. मी तिला म्हटलं, दोन्ही एकाच ठिकाणी लिही गं. गावात आईजवळ बसायला शिकलेली, पगार घेणारी मुलगी असते. इथे बी.ए. मराठी झालेली मी असते आणि पुण्याच्या डॉक्टरांना वाटतं, यंत्र घरात आहे म्हणजे सगळं आहे. तालुक्याच्या गावात, शहराच्या वॉर्डात महिन्यातून एकदा जरी अशी एखादी बाई घरी आली, वृद्ध माणसाशेजारी बसली, प्रेशर उभं राहूनही मोजलं, तळवे बघितले आणि सुनेला चार गोष्टी शिकवून गेली, तर केवढं काम होईल! भाची म्हणाली, ‘‘मामी, हे तुमच्या शब्दांत लिहून द्या.’’ मी दिलंय लिहून.

गेल्या महिन्यात उपकेंद्रातल्या त्या मुलीला दुसरीकडे नोकरी लागली. मूळची ती कंत्राटावरची, त्यामुळे तिचंही चुकलं म्हणवत नाही. जायच्या आधी ती आईच्या घरी येऊन हळदकुंकू लावून घेऊन गेली आणि आईच्या वहीत साखरेचे सगळे जुने आकडे मोठ्या अक्षरांत उतरवून दिले. नवी बाई अजून रुजू झालेली नाही. आईचा नंबर येत्या बुधवारी आहे. त्या दिवशी शाळेत माझे दोन तास असतात, ते गुरुवारी घेईन म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना सांगून ठेवलंय. भाऊजी तीन दिवस बार्शीला येऊन राहणार आहेत, आणि सासूबाईंचं प्रेशर उभं राहून कसं मोजायचं ते परवा मी त्यांना मोबाइलवरच शिकवलं. सकाळच्या सातच्या एस.टी.ने मी परंड्याला निघते आहे.